नाडी जलद, रक्तदाब कमी : शेतशिवारातील धोक्याची खूण

काम करता करता एखाद्याला घेरी आली, तो बांधावर बसला, की सोबतची माणसे पाणी आणतात, कोणी कांदा फोडून हुंगवतो, कोणी तळपाय चोळतो. अलीकडे बऱ्याच गावांत आशाताईंकडे किंवा एखाद्या घरी दंडाला बांधायचे रक्तदाबयंत्रही असते. ते तीन आकडे दाखवते : वरचा दाब, खालचा दाब आणि नाडीचे ठोके. वरचा दाब ८४ आणि नाडी १२८ असे काही दिसले, तर पाहणारे बुचकळ्यात पडतात. दाब उतरला असेल तर ठोकेही मंदावायला हवेत, असे सर्वसाधारण माणसाला वाटते. मग यंत्र बिघडले असावे असे ठरवून ते बाजूला ठेवले जाते. यंत्र बहुधा बिघडलेले नसते, आणि त्या वेळी केलेला तो एक गैरसमज फार महाग पडू शकतो.

ठिबक सिंचन वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. लॅटरलच्या शेवटच्या टोकाला दाब मिळायचा तर विहिरीत पाणी हवे, पंप धडका हवा आणि नळ्या योग्य व्यासाच्या, न फुटलेल्या हव्यात. शरीरातही हेच आहे. रक्त हे पाणी, हृदय हा पंप, धमन्या या नळ्या. यांतील काहीही बिनसले की दाब पडतो. मानेतील मोठ्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत दाब मोजणारी मज्जातंतूंची टोके असतात. दाब पडल्याचे त्यांना काही क्षणांत कळते, मेंदूला निरोप जातो आणि मेंदू हृदयाला वेग वाढवायला सांगतो. प्रत्येक ठोक्याला कमी रक्त निघते ना, मग ठोकेच वाढवा, असा हा हिशेब आहे. म्हणजे वाढलेली नाडी हा बहुतेक वेळा मूळ आजार नसतो, ती शरीराने केलेली धडपड असते. ‘धडधड कमी व्हावी’ म्हणून घरातल्या कोणाची तरी गोळी अशा माणसाला देणे म्हणजे ती धडपडच बंद पाडणे.

याला एक अपवाद आहे आणि तो नीट लक्षात ठेवला पाहिजे. काही जणांत हृदयाच्या विद्युत्‌वहनातच दोष असतो. ठोके एकाएकी १८० ते २०० वर जातात, दोन ठोक्यांमध्ये हृदयाला रक्ताने भरायला वेळच उरत नाही आणि म्हणून दाब पडतो. येथे वेग हेच कारण असते आणि वेग कमी करणे हाच उपचार. मात्र हे हृदयालेख काढल्याशिवाय ठरत नाही. बांधावर बसून तर नाहीच.

किती आकड्याला घाबरावे, असे विस्तार कार्यकर्ते नेहमी विचारतात. प्रौढ माणसाची स्वस्थ बसलेल्या स्थितीत नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते आणि वरचा दाब ९० च्या खाली गेला तर तो कमी मानतात. परंतु सुटे आकडे पाहण्यापेक्षा त्यांची जोडी पाहणे अधिक उपयोगाचे. १९६७ मध्ये अल्गोवर आणि बुरी या शल्यविशारदांनी नाडीला वरच्या रक्तदाबाने भागण्याची साधी रीत मांडली. निरोगी माणसात हे उत्तर ०.५ ते ०.७ च्या आसपास येते. ते १ पर्यंत किंवा त्यापुढे गेले, म्हणजेच नाडीचा आकडा वरच्या दाबाच्या आकड्याला गाठू किंवा ओलांडू लागला, तर परिस्थिती गंभीर आहे असे समजावे. भागाकार करायचीही गरज नाही, दोन आकड्यांत मोठा कोणता एवढे पाहता आले की पुरे. ज्याचा दाब एरवी १६० असतो त्याला ११० हाही कमीच असतो, हे येथेच सांगून ठेवतो.

आता ज्या उदाहरणावरून हा सगळा विषय महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात प्रत्यक्ष उलगडला, त्याकडे वळू. ते उदाहरण लाल विंचवाचे आहे.

कोकणात भाताचा पेंढा, जांभ्या दगडाचे गडगे, कौलारू छपरे आणि रचलेल्या गोवऱ्या या विंचवाच्या आवडत्या जागा. शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. जुन्या पुस्तकांत मेसोब्युथस टॅम्युलस असे आढळेल. अंगाने तांबूस-नारिंगी, नांग्या बारीक आणि शेपटी त्या मानाने जाड. रुंद नांग्यांचा मोठा काळा विंचू पाहून माणसे अधिक घाबरतात, पण जिवाला धोका या लहानखुऱ्या लाल विंचवाचाच जास्त.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे विंचूदंशाचे रुग्ण येत आणि त्यांतील बरेच दगावत. धडधाकट शेतकरी, खेळणारी मुले. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत विंचूदंशावर फारसे काही नव्हते, आणि जी औषधे दिली जात त्यांनी मृत्यू टळत नव्हते. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली : दंश किती वाजता झाला, वांती कधी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, दाब किती, खोकला कधी लागला. यंत्रसामग्री जवळजवळ काहीच नव्हती. घड्याळ, दाबमापक, स्टेथोस्कोप आणि वही. त्या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. रुग्ण शेवटी फुप्फुसात पाणी भरून, गुलाबी फेसाचा खोकला येऊन मरत होते. म्हणजे विष हृदयावर आघात करत होते. हे निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वहीतून निघालेले संशोधन म्हणून विस्तार शिक्षणाच्या वर्गात ते शिकवायला हरकत नाही. शेतावरील नोंदवहीचे महत्त्व आपण शेतकऱ्यांना सांगत असतो, त्याला याहून चांगला दाखला मला तरी सापडलेला नाही.

विष नेमके काय करते? मज्जातंतूंतील सोडियमची दारे ते उघडी ठेवते. त्यामुळे मज्जातंतू थांबायचे विसरतात आणि शरीरातील दोन परस्परविरोधी यंत्रणा एकामागोमाग एक बेभान होतात. आधी वांत्या, लाळ, दरदरून घाम आणि पुरुषांत लिंगाची ताठरता. ही शेवटची खूण लाजेपोटी सांगितली जात नाही, परंतु डॉक्टरांच्या दृष्टीने ती फार मोलाची, कारण ती विष अंगात भिनल्याची साक्ष असते. त्यानंतर अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. धमन्या आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, दाब वर चढतो, नाडी धावू लागते. मुख्य वाहिनीचा व्हॉल्व्ह बंद करून पंप चालू ठेवला तर काय होते ते प्रत्येक बागायतदार जाणतो. मोटर तापते आणि जळते. हृदयाचे तसेच होते. बंद दाराशी झुंजून ते थकते, मग दाब कोसळतो, नाडी मात्र धावतच राहते.

येथे एक उलटा वाटणारा नियम आहे. दंशाच्या जागी असह्य वेदना, ओरडणे, तडफडणे, पण हातपाय उबदार आणि घाम नाही, तर तो रुग्ण सहसा सुखरूप असतो. वेदना फारशी नाही, पण अंग घामाने निथळते आहे, वांती झाली आहे आणि बोटे गार आहेत, तर तो खरा धोक्यातला. जो गप्प पडून आहे त्याला आधी गाडीत घालावे.

बावस्करांचे पुढचे पाऊल हे की, जळणाऱ्या मोटरीला अधिक वीज देण्याऐवजी व्हॉल्व्ह उघडावा. धमन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड त्यांनी प्रथम वापरले. परंतु ते शिरेतून, सतत देखरेखीखाली द्यावे लागते. मग प्राझोसिन ही साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी पुढे आली. ती उच्च रक्तदाबावरील औषध म्हणून आधीपासूनच बाजारात होती. १९८६ मध्ये या उपचाराविषयीचा लेखही ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्राझोसिनपूर्व काळात गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांच्या घरात होते, ते नंतर सुमारे १ टक्क्यापर्यंत खाली आले. पुढे हाफकिनने लाल विंचवाच्या विषावरील प्रतिविष तयार केले. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी घेतली. ती २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या प्राझोसिनवर बरे व्हायला सरासरी सुमारे १८ तास लागले, प्रतिविषाची जोड दिल्यावर सुमारे ८ तास. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

गोळी स्वस्त आहे म्हणून ती घरात आणून ठेवावी काय? नाही. प्राझोसिनची पहिली मात्रा घेतल्यावर रुग्णाला उठवून बसवले तर दाब एकाएकी कोसळू शकतो. म्हणून रुग्णालयात ती देऊन त्याला आडवेच ठेवतात. शिवाय खरी मेख पुढेच आहे.

विंचूदंशात ‘नाडी जलद, दाब कमी’ ही जोडी दोन वेगळ्या वेळी दिसू शकते. पहिल्या काही तासांत वांत्या आणि घाम यांतून शरीरातील पाणी निघून गेलेले असते. तेव्हा विहीर आटलेली असते, तोंडाने किंवा शिरेतून पाणी दिले की दाब सावरतो. नंतरच्या टप्प्यात पंप थकलेला असतो. तेव्हा सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या तर ते पाणी फुप्फुसात उतरते आणि उपचारच मारक ठरतो. यंत्रावरचे आकडे दोन्ही वेळा सारखेच, उपाय मात्र विरुद्ध. फरक आकड्यांत नसून माणसात दिसतो. श्वास लागला आहे का, सपाट झोपता येते का, कोरडा खोकला सुटला आहे का, छातीत बुडबुड आवाज येतो का, हे पाहावे लागते. ‘डॉक्टर, एक सलाइन लावाच’ हा आपल्याकडचा आग्रह म्हणून निरुपद्रवी नाही.

आता उष्म्याविषयी, कारण संख्येने सर्वांत जास्त माणसे यानेच कोसळतात. येथे प्रश्न सरळ विहिरीचा आहे. भर उन्हात खुरपणी, तोडणी किंवा मळणी करणाऱ्याच्या अंगातून घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जाते, शिवाय अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडील रक्तवाहिन्या सैल झालेल्या असतात. उरलेले थोडे रक्त त्या रुंद झालेल्या नळ्यांत पसरते. माणसाला सावलीत आडवे करून पाय हातभर उंचावर ठेवणे हा पहिला उपाय. तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर जलसंजीवनी घोटघोट द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी एक लिटर पाण्यात विरघळवायची असते. ती अर्धी अर्धी करून पेल्यात टाकणे चुकीचे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. नुसते साधे पाणी तांब्यामागून तांब्या पाजल्याने मिठाची तूट भरत नाही. चहा तर मुळीच कामाचा नाही, हे ऐकून पुष्कळ जण नाराज होतात याची कल्पना आहे.

मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतके तापले, तर तो उष्माघात. तेव्हा पाणी पाजत बसू नये. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि हे करत असतानाच १०८ ला बोलवावे. गाडी येईपर्यंतची थंडाई हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

मधमाश्यांचा प्रकार वेगळा. तेथे विहीर भरलेली असते, पंपही चांगला असतो, पण नळ्या एकाएकी रुंदावतात आणि त्यांतून पाणी पाझरू लागते. ज्यांना विषाची तीव्र अॅलर्जी आहे त्यांना एका दंशानेही काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, आवाज घोगरा होतो, श्वास अडतो, नाडी धावते आणि दाब पडतो. मधुमक्षिकापालन आता फळबागांतील परागीकरणासाठी सर्वत्र सुचवले जाते, आणि ते योग्यच आहे. सातेरी माशी तशी सौम्य. आग्या मोहोळ मात्र कोकणातल्या कड्यांवर असते तसेच बेंगळुरूत उंच इमारतींच्या सज्जांखाली आणि पाण्याच्या टाक्यांनाही लटकलेले असते. तेथे त्याला धूर किंवा दगड लागला की अनेकांना एकदम दंश होतात.

या प्रसंगी जीव वाचवणारे औषध एकच : अॅड्रिनलिन, मांडीच्या बाहेरील स्नायूत. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा, आणि ती प्रशिक्षित व्यक्तीने द्यायची. ‘नाडी आधीच १४० आहे, मग अॅड्रिनलिन कसे द्यायचे’ अशी शंका घेऊन थांबणे घातक ठरते, कारण नळ्या आवळून दाब वर आला की नाडी आपोआप उतरते. अॅलर्जीच्या नेहमीच्या गोळीने खाज थांबते, दाब सावरत नाही. रुग्णाला आडवे ठेवावे, श्वास लागत असेल तर पाय लांब करून बसू द्यावे, पण ‘चल, उठ, गाडीपर्यंत चालत ये’ असे म्हणू नये. उभे राहताच हृदय रिकामे पडून मृत्यू आल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. मधमाशीची नांगी त्वचेत रुतून राहते, ती नखाने, चिमट्याने, कशानेही, पण लगेच काढावी. रीत कोणती यापेक्षा वेळ किती गेला हे महत्त्वाचे.

घोणसाच्या दंशात या साऱ्याची सरमिसळ असते : रक्त गोठत नाही म्हणून रक्तस्राव, आणि केशवाहिन्यांतून पाझर. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विषविषयक प्रयोगशाळेच्या अभ्यासांतून एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांतात बदलते हे स्पष्ट झाले आहे. आपल्याकडील प्रतिविष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा सहकारी संस्थेने गोळा केलेल्या विषापासून बनते, तेव्हा त्याचा गुण सर्वत्र सारखा येईलच असे नाही. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद रुग्णालयांना बंधनकारक केली. नोंदी झाल्या तरच कोणत्या भागात काय कमी पडते ते कळेल.

धान्य साठवणीतील अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांविषयी दोनच वाक्ये. ओलाव्याने त्यांतून निघणारा वायू हृदयाच्या स्नायूलाच निकामी करतो, नाडी जलद आणि दाब अत्यंत कमी होतो, आणि त्यावर उतारा नाही. धुरी दिलेल्या कोठाराला लागून असलेल्या खोलीत कोणी झोपू नये. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेत मात्र नाडी बहुधा मंदावते आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तेव्हा ‘नाडी जलद नाही, म्हणजे विषबाधा नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

आता घरातल्या औषधांकडे. चाळिशी-पन्नाशीपुढील अनेक शेतकरी रक्तदाबाची गोळी घेतात. त्यांतील लघवी वाढवणारी गोळी घामाच्या दिवसांत किंवा जुलाब लागल्यावर विहीर आणखी आटवते. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गटातील गोळ्या नाडीला लगाम घालतात. असा माणूस संकटात असूनही त्याची नाडी ८० च दिसेल आणि वर सांगितलेली आकड्यांची तुलना फसेल. या गटातील औषध घेणाऱ्या मधपाळाने डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे, कारण दंशाच्या वेळी त्याच्यावर अॅड्रिनलिनचा परिणाम कमी होऊ शकतो. यांतील कोणतीही गोळी मनाने बंद करू नये, अटेनोलॉलसारखी तर नाहीच, कारण ती एकदम थांबवल्यास हृदयावर ताण येतो.

प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅम्सुलोसिनसारखी गोळी प्राझोसिनच्याच कुळातली. शेतीपंपाला रात्रीची वीज येते, वीज आली की म्हातारबुवा अंथरुणातून ताडकन उठतात, चार पावले टाकतात आणि पडतात. उठून मिनिटभर काठावर बसावे, मग उभे राहावे, इतकी साधी गोष्ट आहे. ज्यांना वारंवार असे होते त्यांचा दाब आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांनी मोजावा. वरचा दाब २० किंवा अधिक उतरला तर ते डॉक्टरांना आकड्यांसह सांगावे.

मोजमाप नीट होणे महत्त्वाचे. दंडपट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीवर. नाडी अनियमित असेल किंवा दाब फारच खाली असेल तर स्वयंचलित यंत्र चुकते किंवा नुसते चूक दर्शवते, तेव्हा मनगटावर बोटे ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. यंत्र मुळीच नसेल तर बोटाचे नख पाच सेकंद दाबून सोडावे. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवे. तीन-चार सेकंद लागले आणि बोटेही गार असतील, तर दाब पाहण्यासाठी यंत्र शोधत हिंडू नये.

रुग्णाला पाठवताना सोबत एक चिठ्ठी द्यावी. दंश किंवा त्रास किती वाजता सुरू झाला, वांती, घाम, लघवी कधी झाली, नाडी आणि दाब कोणत्या वेळी किती होता, काय आणि किती पाजले, कोणत्या गोळ्या रोज चालू आहेत. वेळ घड्याळाची लिहावी, ‘मघाशी’ किंवा ‘तिन्हीसांजेला’ असे नको. गोळ्यांची नावे आठवत नसतील तर रिकामी पाकिटेच पिशवीत घालून द्यावीत.